तासगावच्या रिचार्ज दुकानातून ट्रायला पाठवलेले उत्तर

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एखादा नियम करण्यापूर्वी सल्लामसलतीचे पत्र काढते आणि त्यावर कोणाही नागरिकाचे लेखी मत मागवते, हे अनेकांनी ऐकलेले असते. ते मत कसे लिहायचे, त्याला वकील लागतो का, खर्च किती येतो आणि पाठवल्यावर पुढे काय होते, हे सांगणारे मात्र सहसा कोणी भेटत नाही. तासगावात माझे मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचे दुकान आहे. 2015 च्या डिसेंबरमध्ये मी ट्रायला असे एक उत्तर पाठवले आणि 2016 च्या फेब्रुवारीत त्या विषयावरचा नियम आला. पुढे 2023 मध्ये इंटरनेटसंबंधी नवे पत्र निघाले, तेव्हा ओळखीच्या दुकानदारांनी ‘हे नेमकं कसं करायचं’ म्हणून विचारणा केली. त्यांना तोंडी सांगितले तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

विषय नेट न्यूट्रॅलिटीचा होता. मोबाइल कंपनी ग्राहकाला इंटरनेटपर्यंत पोहोचवते. पुढे त्याने कोणते संकेतस्थळ पाहावे, कोणते ॲप वापरावे यात तिने हात घालू नये, कोणाचा वेग कमीजास्त करू नये, कोणाला अडवू नये आणि कोणासाठी वेगळा दर लावू नये, असे हे तत्त्व आहे. यातला वेगाचा आणि अडवणुकीचा भाग तांत्रिक असल्यामुळे दुकानात बसून तो दिसत नाही. दराचा भाग मात्र मी रोज माझ्याच काउंटरवरून विकत होतो.

त्या काळी 1 जीबी थ्रीजी डेटाला महिन्याकाठी साधारण अडीचशे रुपये पडत. एवढे पैसे एकरकमी घालणारे गिऱ्हाईक आमच्याकडे कमी, म्हणून ‘फक्त व्हॉट्सॲप’ किंवा ‘फक्त फेसबुक’ चालणारी छोटी पॅक खूप खपत. लोक काउंटरवर येऊन सरळ म्हणत, ‘व्हॉट्सॲप टाका, नेट नको.’ मीही ती विनातक्रार विकत असे, कारण मागणी होती आणि कमिशन मिळत होते. भांडणे व्हायची ती दुसऱ्याच गोष्टीवरून. अवकाळी पाऊस झाला की द्राक्षबागांवर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती पसरते आणि बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत फवारणीच्या सल्ल्यांच्या लिंका फिरू लागतात. अशाच एका दिवशी ओळखीचे एक बागायतदार आण्णा बागेतून थेट दुकानात आले. बोटांवर बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग तसेच होते. ‘दादा, म्या नेट वापरलंच न्हाई, व्हॉट्सॲपच बघत हुतो, मग बॅलन्स गेला कुठं?’ असे म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. गटात आलेला मजकूर पॅकमध्ये बसत होता. पण त्यातली मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची लिंक दाबताच ब्राउझर उघडला होता. ब्राउझर पॅकच्या बाहेर, त्यामुळे किलोबाइटच्या हिशेबाने मूळ बॅलन्स कापला गेला होता. सरकारी संशोधन केंद्राने फुकट दिलेला सल्ला वाचायला त्यांना सर्वांत महाग दर पडला होता, आणि तसे होणार हे बॅलन्स संपेपर्यंत त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा हा विषय देशभर गाजत होता. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि टीका झाल्यावर तो मागे घेतला. 27 मार्च 2015 रोजी ट्रायने पहिले पत्र काढले. ते 118 पानांचे होते आणि त्यात 20 प्रश्न होते. 6 एप्रिलला एअरटेल झिरो नावाची योजना आली, जिच्यात ॲपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट मिळायचे. फ्लिपकार्टने 14 एप्रिलला तिच्यातून अंग काढून घेतले. त्या फेरीत मीही सेव्ह द इंटरनेट या मोहिमेच्या संकेतस्थळावरून तयार मसुदा ईमेलने पाठवला. असे दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. 27 एप्रिलला ते सर्व, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह, संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. येथे पहिली व्यावहारिक सूचना करतो: सल्लामसलतीला दिलेले उत्तर सार्वजनिक होणार हे गृहीत धरूनच लिहावे, त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढावा आणि मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, आधार वगैरे काहीही मजकुरात घालू नये.

ज्या पत्रावर मी स्वतः बसून लिहिले, ते 9 डिसेंबर 2015 चे. विषय नेमका होता, डेटाचे वेगवेगळे दर; आणि प्रश्न चारच होते. वेगवेगळी संकेतस्थळे, ॲप किंवा मंच वापरण्यासाठी कंपन्यांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा पहिला. द्यायचे असतील तर भेदभाव होऊ नये, पारदर्शकता, स्पर्धा आणि नवनिर्मिती टिकावी यासाठी कोणते उपाय योजावेत, हा दुसरा. वेगळ्या दरांशिवाय लोकांना फुकट इंटरनेट देण्याचे दुसरे मार्ग आहेत का, हा तिसरा. आणि आणखी काही सांगायचे आहे का, हा चौथा. मुदत 30 डिसेंबरपर्यंत होती.

पत्राची प्रत मी दुकानातल्याच प्रिंटरवर काढली आणि रात्री शटर ओढल्यावर वाचायला घेतली. इंग्रजी कायदेशीर वळणाचे असल्यामुळे पहिल्या पानावरच दम लागला. मग शेवटचे प्रश्न आधी वाचले आणि एकेका प्रश्नाचा मजकूर मागे जाऊन शोधला. नवख्या माणसाने असेच करावे असे मी सुचवीन. संपूर्ण पत्र समजले पाहिजे असा आग्रह धरला की माणूस तिसऱ्या पानावर सोडून देतो. प्रश्न समजला की उत्तर आपल्याकडे आहे का नाही, हे चटकन कळते. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर आण्णांच्या कापल्या गेलेल्या बॅलन्सने आधीच तयार करून ठेवले होते.

त्याच दिवसांत फ्री बेसिक्सच्या जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. फेसबुकची ही योजना फेब्रुवारी 2015 मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत सुरू झाली होती, त्यांत महाराष्ट्रही होता. सप्टेंबरमध्ये तिचे नाव बदलले. ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे, अशी तिची रचना होती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येत होत्या आणि फेसबुक उघडले की ट्रायला पाठिंब्याचा तयार संदेश पाठवण्याची विनंती समोर येत असे. दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलांपैकी अनेकांनी काय आहे हे न वाचताच तो पाठवून दिला होता. त्यांना दोष देता येत नाही, कारण एप्रिलमध्ये मी स्वतःही तयार मसुदाच पाठवला होता, फक्त बाजू वेगळी होती.

28 डिसेंबरच्या टाइम्स ऑफ इंडियात फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचा लेख आला आणि त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले होते. फ्री बेसिक्सवर तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो आणि त्यामुळे त्याला चांगला दर मिळतो, असा त्याचा आशय होता. त्याच दिवशी त्याच अंकात सेव्ह द इंटरनेट मोहिमेतले निखिल पाहवा यांचा विरोधी लेखही होता. त्या शेतकऱ्याला फायदा झाला असेल. ते खोटे मानण्याचे मला कारण नाही. पण माझ्या काउंटरवर रोज शेतकरीच येतात. त्यांना तासगाव आणि सांगलीच्या बाजारातला बेदाण्याचा भाव पाहायचा असतो, पानावरच्या डागाचा फोटो पाठवायचा असतो, छाटणीचा व्हिडिओ पाहायचा असतो, मांजरीच्या केंद्राचा सल्ला वाचायचा असतो. फ्री बेसिक्समध्ये व्हिडिओला जागा नव्हती आणि यादीत कोणते संकेतस्थळ बसू शकते याचे तांत्रिक निकष फेसबुकने ठरवलेले होते. शेतकऱ्याला इंटरनेट हवे याबद्दल वाद नव्हताच. त्याला कोणते इंटरनेट मिळावे हे फेसबुकच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात ठरावे का, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तो मी उत्तरात लिहिला.

लिहिण्याआधी घरात थोडी कुरबूर झाली. ‘कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला कळलं तर तो काय म्हणेल,’ असे धाकट्या भावाने विचारले, आणि ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. रिचार्जवर मिळणारे कमिशन फार नसते, पण डिस्ट्रिब्युटरने ई-टॉपअपचा बॅलन्स वेळेवर सोडला नाही तर धंदा त्या दिवसापुरता बसतो. शेवटी उत्तर दुकानाच्या नावाने न देता व्यक्ती म्हणून द्यायचे ठरवले. कोणत्याही कंपनीचे नाव लिहायचे नाही, हेही ठरवले. प्रश्न अमुक कंपनीचा नव्हता, सगळ्यांची पॅक सारखीच होती. त्याच वेळी ‘मी ही पॅक विकतो आणि त्यावर मला कमिशन मिळते’ हे मात्र पहिल्याच परिच्छेदात लिहिले. आपला हितसंबंध आपणच आधी सांगितलेला बरा. माझ्या बाबतीत तर पॅक बंद झाल्यास माझेच थोडे नुकसान होणार होते, त्यामुळे लपवण्यासारखे काही नव्हते.

मसुदा मी आधी मराठीत लिहिला, कारण विचार मराठीतच सुचतो. तो पाच-सहा पाने झाला. सांगलीत शिकणाऱ्या भाचीने तो वाचून अर्ध्याहून अधिक मजकूर कापला. देशाचे सार्वभौमत्व, ईस्ट इंडिया कंपनी वगैरे जे मी आवेशात लिहिले होते ते तिने प्रथम काढले. ‘मामा, हे सगळेच लिहितील, तुम्ही बॅलन्सचं लिहा,’ असे ती म्हणाली, आणि ते बरोबर होते. उरलेल्या मजकुराचे इंग्रजी तिने केले. प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक घालून त्याखाली आधी हो किंवा नाही, मग कारण, मग प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आणि शेवटी काय करावे ही सूचना, असा साचा आम्ही ठेवला. सगळे मिळून दोन पाने झाली.

पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देऊन बॅलन्स कापला जाण्याचे प्रकार लिहिले. पॅकची माहिती देणारी जी पत्रके डिस्ट्रिब्युटर भिंतीवर लावायला देतो, त्यांतली काही स्कॅन करून जोडली. त्यांत किंमत मोठ्या अक्षरांत आणि पॅकबाहेरचा दर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असे. काही गिऱ्हाइकांच्या परवानगीने त्यांच्या फोनवरचे कपातीचे संदेशही जोडले, मात्र त्यांतले मोबाइल क्रमांक आणि नावे आधी झाकली. शिवाय एक उदाहरण घातले: बाजार समितीने एकाच अडत्याकडे माल नेणाऱ्या गाड्यांना फाटकावरची पावती माफ केली, तर त्या दिवशी शेतकऱ्याचे चार पैसे वाचतील, पण हंगाम संपता संपता बाजारात अडत्या एकच उरेल आणि भावही त्याचाच असेल. दुसऱ्या प्रश्नाखाली, दर वेगळे ठेवू नयेत असे आधीच म्हटले असल्यामुळे, दोनच वाक्ये लिहिली.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, कारण ‘मग गरिबाला इंटरनेट द्यायचे कसे’ या सवालाला उत्तर न देता नुसता विरोध करणे मला पटत नव्हते. छोट्या पॅकची गरज खरी आहे. ती मी रोज पाहतो. म्हणून मी असे सुचवले की पॅक लहान असू द्या, पण ते एमबीवर, वेळेवर किंवा वेगावर लहान असू द्या, संकेतस्थळांवर नव्हे. दहा रुपयांत थोडा डेटा द्या आणि तो कोठे वापरायचा हे ग्राहकाला ठरवू द्या. रात्रीची पॅक तेव्हाही होती आणि द्राक्षाच्या हंगामात रात्री जागणारी मुले ती घेत असत. एअरसेलने त्याच वर्षी नव्या ग्राहकांना मंद वेगाचे, पण कोणत्याही संकेतस्थळासाठी चालणारे फुकट इंटरनेट देऊ केले होते, त्याचाही उल्लेख केला.

29 डिसेंबरच्या रात्री उत्तर ईमेलने पाठवले. पत्रात दिलेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर, विषयाच्या ओळीत सल्लामसलत पत्राचे पूर्ण नाव लिहून, मजकूर ईमेलमध्ये आणि त्याची पीडीएफ प्रत जोडून, असे ते गेले. यासाठी कोणतेही शुल्क नाही, मुद्रांक नाही, नोटरी नाही, वकील नाही. माझा खर्च म्हणजे प्रिंटचे कागद आणि दुकान लवकर बंद केलेल्या काही संध्याकाळी. पाठवलेला ईमेल मी मुद्रित करून ठेवला, कारण ट्राय प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर पाठवील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढे मुदत 7 जानेवारीपर्यंत वाढली. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नये. आणि मिळालीच, तर तेच उत्तर पुन्हा न पाठवता फक्त नवे काही असेल तर ‘पुरवणी’ असे लिहून पाठवावे.

यानंतरचा टप्पा बहुतेकांना माहीत नसतो, आणि माझ्या मते खरा मजकूर तेथेच असतो. आलेली उत्तरे ट्राय आपल्या संकेतस्थळावर टाकते आणि त्यांवर प्रतिमत देण्यासाठी आणखी काही दिवस देते. या वेळी ती मुदत 14 जानेवारीपर्यंत होती. मोबाइल कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनेची उत्तरे मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. ती चांगली लिहिलेली होती, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे मुद्दे असे: टोल-फ्री क्रमांकाला कोणी भेदभाव म्हणत नाही, मग ॲपवाल्याने ग्राहकाचा डेटाखर्च उचलला तर बिघडले कुठे. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य आम्हाला आधीपासून आहे आणि नवा दर सुरू केल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत आम्ही तो ट्रायला कळवतोच. सरसकट बंदीऐवजी ट्रायने एकेक योजना तपासून वाईट असेल ती थांबवावी, असे त्यांचे मुख्य म्हणणे होते.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावरच मी प्रतिमत पाठवले, आणि ते एका पानापेक्षा कमी होते. एकेक योजना तपासायची म्हटली तर तक्रार कोणीतरी करायला हवी. आण्णांसारखे गिऱ्हाईक कापलेल्या पन्नास रुपयांसाठी दिल्लीला तक्रार करणार नाही, ते माझ्याशी भांडेल आणि घरी जाईल. पुण्यातली चार पोरे ॲप काढतात त्यांच्याकडेही वकील लावून एकेका योजनेविरुद्ध लढण्याइतके पैसे नसतात. मोठ्या कंपनीकडे ते असतात. टोल-फ्री क्रमांकाबद्दल मी काही लिहिले नाही, कारण त्याचे उत्तर इतरांनी माझ्यापेक्षा चांगले दिले होते. सगळ्याच मुद्द्यांना हात घालण्याचा मोह येथे आवरावा लागतो.

या काळात उत्तरांची संख्या 24 लाखांच्या आसपास पोहोचली आणि त्यांतली बहुसंख्य फ्री बेसिक्सच्या तयार संदेशाची होती. त्या संदेशात चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही, असे ट्रायने फेसबुकला कळवले. सल्लामसलत म्हणजे मतमोजणी नव्हे, अशा अर्थाचे कडक शब्दही ट्रायने फेसबुकला जानेवारीत पाठवलेल्या पत्रात होते. ते वर्तमानपत्रात वाचून मला हायसे वाटले. लाखो संदेशांपुढे आपली दोन पाने कोण वाचणार, ही हुरहूर तोपर्यंत मनात होतीच.

21 जानेवारीला दिल्लीत खुली चर्चा झाली. जावे असे मनात आले होते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनपर्यंत स्लीपरचे एका बाजूचे भाडे सातशेच्या घरात, वर राहणे-खाणे, आणि द्राक्षांचा हंगाम तोंडावर असताना चार-पाच दिवस दुकान बंद. हिशेब जमेना, म्हणून गेलो नाही. लेखी उत्तर दिलेले असल्यास चर्चेला न गेल्याने ते बाद होत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर जावे, पण न जाता आल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही.

8 फेब्रुवारी 2016, सोमवार. दुपारनंतर टीव्हीवर बातमी झळकली की वेगवेगळ्या मजकुरासाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास ट्रायने मनाई केली आहे. अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी नियम जाहीर केले. उल्लंघन केल्यास दिवसाला 50,000 रुपये, जास्तीत जास्त 50 लाख रुपये असा दंड. तातडीच्या सेवांसाठी किंवा गंभीर सार्वजनिक आपत्तीच्या वेळी दर कमी करण्याची मुभा, मात्र कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवायचे. ग्राहकाने आधीच घेतलेली पॅक मुदत संपेपर्यंत, पण सहा महिन्यांहून अधिक नाही. नियमाला जोडलेले स्पष्टीकरण मी त्या रात्री डाउनलोड केले. त्यात माझे नाव असण्याची शक्यता नव्हती आणि ते नव्हतेही. एकेक योजना तपासण्याची पद्धत अनिश्चितता वाढवते, खर्चिक असते आणि पैसेवाल्यांना झुकते माप देते, हे मात्र त्यात लिहिलेले होते. नव्याने इंटरनेटवर येणाऱ्या ग्राहकाला पुरेशी माहिती नसते, हा मुद्दाही होता. कितीतरी लोकांनी हे लिहिले असणार; त्यांत एक मी. 11 फेब्रुवारीला फेसबुकने भारतात फ्री बेसिक्स बंद होत असल्याचे जाहीर केले.

यानंतर दुकानात जे झाले ते सांगितले नाही तर हे लिखाण एकांगी होईल. भिंतीवरची पत्रके उतरली आणि गिऱ्हाइके मलाच विचारू लागली, ‘स्वस्तातलं व्हॉट्सॲप बंद का केलं?’ मी समजावून सांगत असे. कोणाला पटे, कोणी मान हलवून निघून जाई. पुढच्या काही महिन्यांत कमी पैशांत भागवणाऱ्यांना थोडी झळ बसली, हे मी पाहिले आहे. 5 सप्टेंबर 2016 ला जिओची सेवा अधिकृतपणे सुरू झाली आणि डेटाचे दर असे कोसळले की हा प्रश्नच मागे पडला. त्याचे श्रेय नियमाला देता येणार नाही. ती स्पर्धा होती. पण दर पडले तेव्हा ते सगळ्या इंटरनेटसाठी पडले, पाच-पन्नास निवडक संकेतस्थळांसाठी नव्हे, एवढे मात्र नियमामुळे झाले असे मला वाटते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराच्या दिशेने जाणारी एक शिफारस ट्रायने 19 डिसेंबर 2016 रोजी केली: ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी डेटा, कोणत्याही संकेतस्थळासाठी, फुकट द्यावा.

उत्तर पाठवून काय होते असे विचारणाऱ्यांना मी एक वेगळी गोष्टही सांगतो. कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केला आणि त्या निकालात पारदर्शक सल्लामसलतीवर भर दिला. नियम न्यायालयात टिकायचा असेल तर त्यामागे लेखी मते, त्यांना दिलेली उत्तरे आणि कारणे असावी लागतात. आपली दोन पाने त्या गठ्ठ्यात बसतात.

वेगाचा आणि अडवणुकीचा भाग नंतर आला. 28 नोव्हेंबर 2017 ला ट्रायने शिफारशी केल्या, जुलै 2018 मध्ये सरकारने त्या मान्य केल्या आणि कंपन्यांच्या परवान्यांत तशी अट घालण्यात आली. त्या फेरीत मी काही लिहिले नाही, कारण नेटवर्कवरच्या डेटाच्या वाहतुकीच्या व्यवस्थापनाबद्दल दुकानातून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

7 जुलै 2023 च्या पत्रात 14 प्रश्न होते. संदेश आणि कॉलच्या ॲपना नियमांखाली आणावे का, आणि अशांततेच्या काळात सगळे इंटरनेट बंद करण्याऐवजी निवडक ॲपच बंद करता येतील का, असे त्याचे दोन भाग होते. त्याच सुमारास, ज्या मोठ्या ॲपमुळे नेटवर्कवर भार येतो त्यांनी नेटवर्कचा खर्च उचलावा, ही मोबाइल कंपन्यांची मागणी जोरात होती. मी तेवढ्याच मुद्द्यावर लिहिले: लोक माझ्याकडे येऊन डेटाचे पैसे देतात ते या ॲपसाठीच देतात, म्हणजे त्या वाहतुकीचे पैसे एकदा वसूल झालेले आहेत. ज्या प्रश्नांवर मत नव्हते त्यांपुढे ‘मत नाही’ असे लिहिले. तसे लिहिलेले चालते.

मला विचारणा करणाऱ्यांपैकी एक दुकानदार कोल्हापुरातले होते. जून 2023 मध्ये तेथे तणाव झाल्यावर इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते, आणि त्या काळात त्यांच्या काउंटरवरचा क्यूआर कोड नुसता चिकटवलेला कागद झाला होता. निवडक ॲप बंद करणे बरे की वाईट यावर त्यांना चार पाने लिहायची होती. मी त्यांना आधी त्या दिवसाची उधारीची वही काढायला सांगितली. एरवी अर्धे पानही न भरणाऱ्या त्या वहीत दोन्ही बाजू भरून नोंदी होत्या. नावे झाकून ते पान आम्ही स्कॅन केले, त्याखाली एका परिच्छेदात काय झाले ते लिहिले आणि मुदतीच्या आत दोघांचीही उत्तरे पाठवली.